एका कुशीवरचे ग्रह

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, काम तर डोक्यावरून वाहतंय, आणि मी उठून खिडकीशी जाते, परत येते, पाणी पिते, मग तहान नव्हतीच हे लक्षात येतं. सोबत राहणारी मुलगी म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. तिला काय सांगू. ह्याच दिवसांत आमच्याकडे, वसमतहून जवळा बाजारकडे जाताना लागणाऱ्या गावात, हळद शिजते. माय फोनवर सांगते की गुरुवारी कुकर येणार आहे. आता कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढत आणलेली वाफेची भट्टी आणि तिचे मोठाले पिंप, हे सोबतच्या मुलीला समजावेपर्यंत माझं निम्मं मन गावात पोचलेलं असतं.

पाच वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी गावीच होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका दुपारी गेलं. नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर काढून आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, बराबर. भूक लागली तरी बराबर, उशी टोचली तरी बराबर, राग आला तरी तोच शब्द, फक्त मोठ्यानं. आयुष्यभर चार लोकांत बसून भांडणं मिटवणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला ठेवून ठेवून एक शब्द ठेवला. मला अजून ह्याचा राग येतो आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांपेक्षा जास्त वेळ एका गोष्टीवर घालवला. दर दोन तासांनी कूस बदला. लुळ्या बाजूला दुखलेलं कळत नाही, माणूस ओरडत नाही, आणि कातडी आतल्या आत मरते. जखम झाली आणि हाडापर्यंत गेली तर मग आमच्या हातात फार काही राहत नाही, असं ते सरळच म्हणाले. मी मान हलवली. मला तर हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं. मी पीएचडी करत होते तीच मुळी ह्या विषयावर, की एखादा ग्रह एका कुशीवर पडून का राहतो.

गावात मी ग्रहांचा अभ्यास करते असं सांगितलं की लोक तळहात पुढं करतात. त्यांचं चुकत नाही, आपल्याकडे ग्रह म्हणजे एकतर छळणारे नाहीतर पावणारे. माझे ग्रह कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते दुसऱ्याच ताऱ्यांभोवती फिरतात आणि बहुतेकांचं तर कोणी तोंडही पाहिलेलं नाही. त्यातही जिथं पाणी वाहू शकेल, म्हणजे उद्या कोणी राहायचं म्हटलंच तर राहता येईल, अशांवर माझा डोळा. आणि ह्या ग्रहांच्या गिरक्या कोण आवरतं, तर भरती-ओहोटी. हे शब्द आमच्या जिल्ह्यात भूगोलाच्या पुस्तकापुरते आहेत. सिद्धेश्वरचं धरण भरतं ते पावसानं आणि रितं होतं ते कालव्यानं, चंद्राला तिथं कोणी विचारत नाही. मी समुद्र पाहिला तो पदवी झाल्यावर, आणि तेव्हाही ओहोटी होती.

समुद्र नसला तरी भरती असते, हे कळलं त्या दिवशी मी वर्गात दचकले होते. तारा ग्रहाला ओढतो, पण जवळच्या बाजूला जरा जास्त आणि लांबच्या बाजूला जरा कमी. ह्या फरकानं अख्खा ग्रह, खडकासकट, किंचित लांबट होतो. ग्रह गरगर फिरत असेल तर तो फुगवटा ताऱ्याच्या समोरून पुढं सरकतो आणि तारा त्याला मागं खेचतो. परत पुढं, परत मागं. दगड आतल्या आत घासतो, तापतो, आणि फिरण्याचा वेग हळूहळू उतरतो. इतका हळू की सांगायलाही लाज वाटावी, पण कोट्यवधी वर्षं हाताशी असली की काय हवं ते होतं. शेवटी ग्रह ताऱ्याकडे एकच तोंड करून राहतो, जसा चंद्र आपल्याकडे. एका बाजूला कायमचं ऊन, दुसऱ्या बाजूला कायमचा काळोख.

ह्यात मला पहिल्यापासून खुपतं ते निराळंच. आकाशात सगळ्यात जास्त तारे आहेत ते लहान, तांबूस, मंद जळणारे. त्यांची ऊब हवी तर ग्रहाला अगदी खेटून बसावं लागतं, इतकं की त्याचं अख्खं वर्ष काही दिवसांत उरकतं. पण अंतर निम्मं केलं की हा ताण दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणजे राहण्याजोगं व्हायचं तर जवळ जावं, आणि जवळ गेलं की मनासारखं फिरणं गेलं. वसमतच्या स्टँडवर बॅग घेऊन नांदेडच्या गाडीची वाट बघताना हे गणित मला कितीदा आठवलंय. घरी गेलं की घर धरून ठेवतं, लांब राहिलं की आतून थंडी वाजते. मला दोन्हीकडे करमत नाही हे खरं.

झटक्याच्या आदल्या वर्षी अण्णांनी मला विचारलं होतं, तू तिथं नेमकं काय करून राहिली. आम्ही अंगणात हळद परतत होतो. शिजलेली हळद पंधरा दिवस उन्हात पसरतात आणि दंताळ्यानं रोज खाली-वर करतात. मी म्हटलं, समजा ही कोणी परतलीच नाही तर. “वरून करपंल, खालून बुरशी धरंल,” ते म्हणाले. मग मी त्यांना माझे ग्रह सांगितले. ते दंताळ्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहिले आणि म्हणाले, “मंग तिथल्या लोकायनं बांधावर ऱ्हावं. ना ह्या वावरात, ना त्या वावरात.” ऊन आणि काळोख ह्यांच्या मधल्या त्या अंधुक पट्ट्यावर जगभरात लोक लिहितात, पण त्याला बांध म्हणायचं अजून कोणाला सुचलेलं नाही.

तेव्हा कमलमावशीही तिथंच होती. हळद काढायला, वेचायला आणि वाळवायला येणाऱ्या बायकांची ती पुढारी, मायच्याच वयाची, आणि तिला कोणतीही गोष्ट अर्धी ऐकवत नाही. तिथं वारं नाही का, असं तिनं विचारलं, कारण हळद नुसत्या उन्हानं वाळत नाही, वाऱ्यानंही वाळते. प्रश्न अगदी वर्मी लागला होता. हवा असली तर ती उन्हाकडची ऊब काळोखाकडे वाहून नेते, आणि तापलेली हवा स्वतःच ग्रहाला उलटा रेटा देऊन पुरता अडकू देत नाही, अशीही शक्यता आहे. आपला बुध बघा. हवा नसतानाही तो सूर्याच्या तावडीतून थोडा निसटलाय, कारण त्याची वाट लांबट आहे. दोन प्रदक्षिणांत तीन गिरक्या घेतो. म्हणजे जवळ गेलेला प्रत्येक जण अडकतोच असं नाही. हे लिहिताना मी तीनदा उठून खिडकीशी जाऊन आले.

तर ती खोली. आमच्या घराला समोरून एकच खोली, लांबट आणि अरुंद. लोखंडी खाट आत आणून जोडलेली, ती दारातून बाहेर निघत नव्हती आणि खोलीत आडवी मावत नव्हती. पूर्वेला खिडकी, खिडकीपुढं अंगण, अंगणभर हळद. उशी अर्थातच दक्षिणेला. आमच्याकडे हे कोणी सांगत नाही, ते असतंच. पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला, करतात ते फक्त मेलेल्या माणसाचे. अशा मांडणीत अण्णा उजव्या कुशीवर असले की समोर खिडकी आणि डाव्या कुशीवर वळवले की समोर भिंत.

भिंतीकडे तोंड केलं की ते चांगल्या हातानं भिंत बडवत. बराबर, बराबर, असं रडक्या आवाजात. खिडकीकडे वळवलं की शांत. बायका हळद परतायच्या आणि हे बघायचे, कोणी वरवर दंताळं फिरवलं की नुसत्या डोळ्यांनी चिडायचे. माय म्हणायची, बघू दे, तेवढंच सुख. मीही बघू दिलं. मायची ती माया होती, माझं मात्र वेगळं होतं आणि ते आता सांगून टाकलेलं बरं. अण्णा खिडकीकडे असले की घर शांत राहायचं, आणि मला खाटेशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसता यायचं. जूनमध्ये प्रबंध दाखवायचा होता. दोन तासांचा गजर व्हायचा, मी तो बंद करायचे आणि म्हणायचे, एवढं संपवते आणि वळवते. पडद्यावर माझे ग्रह एकेक करून एका कुशीवर जात होते आणि मी त्यांचे आकडे जुळवत होते.

पाडवा जवळ आला असताना अंग पुसताना मायला त्यांच्या उजव्या खुब्यावर लाल डाग दिसला. चार दिवसांत त्याचा फोड झाला आणि फुटला. मलमपट्टीला येणाऱ्या सिस्टर जुन्या अनुभवी बाई. त्यांनी मला ओट्यावर बोलावून हळू आवाजात सांगितलं की उजवी कूस आता विसरा. जखम भरायच्या वाटेला लागली नाही तर नांदेडला न्यावं लागेल, आणि अशा अंगानं दुसऱ्यांदा गेलेली माणसं फारशी घरी येत नाहीत. मी ओट्यावरच बसून राहिले. ती जखम माझ्या बंद केलेल्या गजरांची होती. हे मी मायला तेव्हा सांगितलं नाही, आणि आजही पुरतं सांगितलेलं नाही.

मग आली भिंत. उताणं ठेवावं तर पाठीच्या शेवटाशीही लाली दिसायला लागलेली, म्हणून जास्तीत जास्त वेळ डावी कूस, भिंतीकडे तोंड. पहिल्या दिवशी अण्णांनी भिंत बडवली. दुसऱ्या दिवशी बडवली नाही, आणि तेच वाईट होतं. त्यांनी दात आवळून धरले. मायनं भरवलेली पेज ओठांवरून ओघळून उशीत जाऊ लागली. मला एक युक्ती सुचली असं वाटलं. मी कपाटाचा आरसा काढून भिंतीला टेकवला, म्हणजे त्यात अंगण दिसावं. पण आरशात त्यांना आधी स्वतःचं वाकडं तोंड दिसलं. झटका आल्यापासून त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मी आरसा उचलून खाटेखाली सारला.

जखम वाचवावी तर माणूस खाणं सोडतो, आणि माणसाला खाऊ घालावं तर जखम हाडाकडे जाते. दोन दिवस आम्ही ह्याच कोंडीत होतो. माझा पाय घरात ठरत नव्हता. अंगणात जायचे, दंताळं घ्यायचे, चार वेळा फिरवून टाकून द्यायचे, परत आत. कमलमावशी हे सगळं बघत होती. दुपारी ती हात पुसत दारात उभी राहिली. तिनं खाट पाहिली, खिडकी पाहिली.

“उशी पायथ्याला न्या की,” ती म्हणाली. “डाव्या कुशीवर ऱ्हातील आन् हळदबी दिसंल.”

मी भिंतीला टेकले. चार वर्षं मी गोल वस्तू कागदावर फिरवत होते, कोणती बाजू कुठं येते ह्याचीच माझी रोजची मजुरी, आणि एवढं साधं मला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं ह्याचंही कारण मला त्याच क्षणी कळलं. दक्षिणेला पाय ही गोष्ट माझ्या डोक्यातल्या शक्यतांमध्ये नव्हतीच. कमलमावशीचं घर बौद्ध, विहारात जाणारं, तिथं दिशा-मुहूर्ताला कोणी भीक घालत नाही. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलावं हेही तिला ठाऊक आहे. मायचं तोंड बघून ती कामाला निघून गेली.

जित्या माणसाचे पाय तिकडं करू का मी, एवढंच माय म्हणाली. मी तिला समजावलं. दक्षिण म्हणजे काही नसतं, पृथ्वी फिरते म्हणून आपण दोन टोकांना दोन नावं दिलीत, बाहेर अंतराळात वर-खाली, उत्तर-दक्षिण काही नाही. मी कागदावर गोळा काढून दाखवला. तिनं तो नीट बघितलासुद्धा.

“तुझ्या ग्रहावर दक्षिण नसंल,” ती म्हणाली. “माझ्या घरात हाय.”

मी चिडले. तुझ्या ह्या दिशेपायी माणूस जाईल, असं मी तिला तोंडावर म्हणाले. हे बोलायचा हक्क त्या घरात सगळ्यात कमी मला होता. माय पुढच्या बेण्याला ठेवायचे हळदीचे जेठे गड्डे निवडत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी पट्टी सोडली आणि नाकाला पदर लावला. उद्या गाडी करा, म्हणाल्या. माय चुलीजवळून उठली. तिनं हात धुतले, पुसले, खोलीत आली आणि अण्णांच्या डोक्याखालची उशी काढून पायथ्याला टाकली. धरा, म्हणाली. सिस्टर, कमलमावशी, माय आणि मी, आम्ही चौघींनी त्यांना उचलून डोकं पायथ्याच्या उशीकडे केलं आणि डाव्या कुशीवर निजवलं. त्यांच्यासमोर खिडकी आली. बाहेर ऊन होतं, हळद होती, कोणाचं तरी दंताळं मध्येच टाकून दिलेलं होतं. अण्णा बघत राहिले. मायनं पेजेची वाटी त्यांच्या ओठांना लावली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

वाटी रिकामी झाल्यावर मायनं कोपऱ्यातली चटई घेतली, खाटेला लागून जमिनीवर अंथरली, आणि अण्णांच्या डोक्याकडे डोकं, अण्णांच्या पायांकडे पाय करून आडवी झाली. हळदीच्या दिवसांत, भर दुपारी. ह्या बाईला मी दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नव्हती. सिस्टर पट्टीचं सामान हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“येऊ दे त्याला,” माय आढ्याकडे बघत म्हणाली. “दोघं दिसतील. कोणाला न्यायचं त्याचं त्यानं ठरवावं.”

गाडी आम्ही दोन दिवस पुढं ढकलली, मग आणखी दोन दिवस, आणि मग करावीच लागली नाही. आता सिस्टर सांगतील तेवढ्या वेळाला मी वळवत होते, गजर व्हायच्या आधी. जूनमध्ये मी पुण्याला जाऊन प्रबंध दाखवायला उभी राहिले. बोलता बोलता म्हणाले की असे ग्रह ताऱ्याजवळ गेले की फिरायचे थांबतात. माझ्या सरांनी तिथंच अडवलं. थांबत नाहीत, ते म्हणाले. थांबला तर अर्ध्या वाटेवर त्याची ताऱ्याकडे पाठ होईल. एका प्रदक्षिणेत नेमकी एक गिरकी, म्हणून तोंड समोर राहतं. एकाकडे तोंड ठेवायचं तर सारखं वळत राहावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पहिल्या वर्षालाच शिकवतात. पण माझ्या डोळ्यांसमोर माय आली, खाटेच्या ह्या बाजूनं त्या बाजूला, वाटी घेऊन, फडकं घेऊन, आणि मला पुढची चित्रं दाखवता येईनात. सरांना वाटलं मी घाबरले. त्यांनी पाणी दिलं.

जखम भरायला पोळा उजाडला. तिथं आता वाटीएवढा गुळगुळीत पांढरा खळगा आहे. अण्णा काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. शब्दही आणखी सात-आठ परत आलेत, त्यातला एक शिवी आहे. वाळलेलं हळकुंड डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर आपटून मोडतात आणि खणकन आवाज आला तरच हळद वाळली असं धरतात. त्यांची उशी केव्हाच पुन्हा दक्षिणेला गेली.

ह्या मार्चमध्येही शेवटी मला बसवलं नाही आणि मी गेले. कुकर येऊन गेला होता, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी अण्णा खाटेवर झोपले, दक्षिणेला डोकं करून, बिनधास्त. माय खाली चटईवर होती. तिचे पाय अजून दक्षिणेलाच होते. पाच वर्षं ती तशीच झोपते हे मला माहीत होतं, पण विचारायचा धीर झाला नव्हता. त्या दुपारी विचारलं. आता काहून.

“एकदा फसला त्यो,” ती म्हणाली. “परत येऊन बघंल न्हाई का.”

मी माझी चटई तिच्या चटईला लावली, उशी तिच्या उशीला लावली, आणि पाय तिच्यासारखेच दक्षिणेला करून निजले. माय उठून बसली. तिनं माझ्या डोक्याखालून उशी ओढून घेतली, दुसऱ्या टोकाला ठेवली आणि तिच्यावर हात आपटला.

“तू न्हाई,” ती म्हणाली.

दक्षिण म्हणजे काही नसतं हे तिला कागदावर काढून दाखवणारी मी, निमूट उठले आणि फिरले. ती परत आडवी झाली आणि तिला लगेच झोप लागली. माझ्या तोंडाशी आता तिचे पाय होते. टाचांच्या भेगांत हळद भरलेली होती.